मला कुठंही चालेल!

मराठी कुटुंबात बोललं जाणारं सर्वांत बेभरवशाचं वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन : ‘मला काय, मला कुठंही चालेल!’ हे वाक्य बहुधा आजी म्हणते. लग्नाच्या कार्यालयात खोल्या वाटताना म्हणते, मोटारीच्या मागच्या सीटवर दोघांच्या मधे अंग चोरून बसताना म्हणते आणि अलीकडे, सगळ्या कुटुंबानं मिळून बोटीच्या सहलीला जायचं ठरलं की केबिनींचं वाटप होताना म्हणते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं पात्राच्या तोंडच्या वाक्यावर फार विसंबायचं नसतं. आणि ज्यानं बँकेत ३७ वर्षं काढली, तो तर कुणाच्याच तोंडी बोलण्यावर विसंबत नाही, तो लेखी मागतो. माझे हे दोन्ही धंदे एरवी एकमेकांशी फटकून असतात. या एका वाक्याच्या बाबतीत मात्र त्यांचं एकमत आहे.

पूर्वी साठी किंवा पंचाहत्तरी म्हणजे कार्यालय, गुरुजी, जिलबी-मठ्ठा आणि दुपारच्या सतरंजीवरच्या गप्पा असा बेत असे. आता मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला आणि सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी मिळते ती चार दिवसांची. मग कुणीतरी बोटीचं काढतं. २००५ साली ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आली तेव्हा ही हौस मोजक्यांची होती. २०१८च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा रात्रीच्या फेऱ्या करू लागली. ती सेवा पुढे थांबली. २०२१च्या सप्टेंबरपासून ‘एम्प्रेस’ हे मोठं जहाज मुंबई बंदरातून गोवा, लक्षद्वीपच्या सफरी करू लागलं आणि ही कल्पना थेट डोंबिवली-कोथरूडच्या दिवाणखान्यात येऊन बसली. कल्पना वाईट नाही, उलट चांगलीच आहे. वयस्कर माणसांना रोज सामानाची बांधाबांध करावी लागत नाही, गुडघ्यांसाठी लिफ्ट असते, जेवण हाकेच्या अंतरावर असतं आणि ज्याला गप्पा नको असतील त्याला समोर समुद्र असतो. माझं भांडण सहलीशी नाही. ते केबिनींच्या वाटपाशी आहे.

कारण असं की, या सहलीतल्या बाकी सगळ्या गोष्टींवर घरात पंधरा-पंधरा दिवस चर्चा होते. शाकाहारी जेवण मिळेल ना, गोव्यात उतरून देवदर्शन जमेल का, कपडे कोणते, फोटो कुणी काढायचे. केबिनी मात्र दहा मिनिटांत ठरतात. मुलगा एजंटाशी फोनवर बोलता बोलता मागे वळून विचारतो, ‘आई, तुला कुठली चालेल?’ आणि आई ते वाक्य म्हणते. झालं, वाटप संपलं. त्या तीन-चार रात्री कुणाच्या वाट्याला झोप येणार आणि कुणाच्या वाट्याला जागरण, हे मात्र त्या दहा मिनिटांतच ठरून गेलेलं असतं.

एक कुटुंब डोळ्यांपुढे घेऊ. आजोबा पंचाहत्तरचे, आजी अडुसष्टची. मुलगा, सून आणि त्यांचं दीड वर्षाचं बाळ. मुलगी, जावई आणि त्यांचा आठ वर्षांचा चिरंजीव. एकूण आठ माणसं. एजंटाचा पहिला सल्ला ठरलेला : ‘चार-चारच्या दोन केबिन घ्या, स्वस्तात पडेल.’ हिशेब त्याच्या बाजूनं बरोबर असतो. जहाजाचं भाडं सहसा एका केबिनीत दोन माणसं धरून माणशी सांगितलेलं असतं. त्याच केबिनीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला ते बहुधा कमी पडतं आणि एकट्यानं केबिन घेतली तर जवळजवळ दुसऱ्याचंही भाडं भरावं लागतं. म्हणजे माणसं जितकी दाटीवाटीनं भरावीत तितका माणशी खर्च कमी. मग मुलगी, जावई, नातू आणि एक कुणीतरी एका केबिनीत. मुलगा, सून, बाळ आणि दुसरं कुणीतरी दुसऱ्या केबिनीत. हे ‘कुणीतरी’ कोण, ते सांगायला नको. पन्नास वर्षांचा संसार झालेल्या जोडप्याची, त्यांच्याच पंचाहत्तरीच्या निमित्तानं, दोन केबिनींत फाळणी होते. यावर हसून ‘चालेल, चालेल’ म्हणायचं आणि विषय बदलायचा, ही आपली रीत आहे.

इथं हमखास एक आकडेमोड चुकते, ती बाळाची. एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट आणि पुढे अर्धं तिकीट. रेल्वेतही लहानग्याला वेगळा बर्थ न घेता मांडीवर नेता येतं. या सवयीनं आपण विचारतो, ‘बाळ काय, आईजवळ झोपेल, त्याला कशाला धरता?’ जहाजावर बाळ हे पूर्ण माणूस असतं. चार माणसांच्या केबिनीत चार मोठी आणि एक तान्हं असं चालत नाही. यात कंपनीची आडमुठी वृत्ती शोधू नये. जहाजावरच्या प्रत्येक जिवासाठी जीवरक्षक नौकेत किंवा तराफ्यात जागा असली पाहिजे आणि त्या नौकेत मांडी हा प्रकार धरत नाहीत. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडालं तेव्हा त्यावर २२००हून अधिक माणसं होती आणि नौकांमधून जागा होती ११७८ जणांना. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे तो वेळोवेळी कडक होत गेला. आपल्याला तर हे परक्यांकडून शिकायचीही गरज नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कुलाब्यातल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण पुढची दोन पिढ्या निघत राहिली. तेव्हा बाळाचं नाव यादीत पूर्ण माणूस म्हणून लागतं, यात आनंद मानावा.

वयाचीही अट असते. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं मूल घेत नाहीत आणि ज्या सफरीत सलग कित्येक दिवस बंदर लागत नाही तिथं वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. (गरोदर बाईला चोविसावा आठवडा लागला की बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. ‘दुसऱ्या वेळची चाहूल’ लागलेल्या घरांनी आगाऊ पैसे भरण्यापूर्वी महिने मोजावेत.)

आता केबिन. जाहिरातीतल्या चित्रात ती ऐसपैस दिसते, कारण चित्रात सामान नसतं आणि बाळही नसतं. साधी आतली केबिन, म्हणजे जिला खिडकी नाही ती, दीडशे चौरस फुटांच्या आसपासची असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. ज्या पिढीनं त्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसांचे संसार केले त्या पिढीला दीडशे फुटांचं भय घालण्यात अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. पण चाळीला गॅलरी होती. रात्री पुरुष आणि पोरं तिथं झोपायची. केबिनीच्या दाराबाहेर लांबलचक कॉरिडॉर असतो आणि त्यात वळकटी पसरता येत नाही. तिसरं-चौथं माणूस झोपतं ते भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या बर्थवर. त्यावर शिडीनं चढायचं. आठ वर्षांच्या मुलाला तो स्वर्ग वाटतो, अडुसष्टीच्या आजीला नाही. बाळासाठी मागितली तर घडीची खाट मिळते. ती मांडायला जागा उरते ती पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधली. एकदा का बाळ तिथं झोपलं, की रात्री उठणाऱ्या माणसानं खाट ओलांडून जायचं. न्हाणीघराच्या दाराला उंबरठ्यासारखी पायरी असते, ती पाणी बाहेर येऊ नये म्हणून. ज्या वयात माणूस रात्री दोनदा उठतो त्या वयाला हा अडथळ्यांच्या शर्यतीचा मार्ग आहे. आणि साध्या केबिनीत टब नसतो, नुसता फवारा असतो. फवाऱ्याखाली किंचाळणाऱ्या दीड वर्षाच्या मुलासाठी घडी होणारी रबरी बादली आणि प्लास्टिकचा तांब्या सामानात टाकावा; परदेशी पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं. तलावात खेळवू म्हणाल तर लंगोटातल्या मुलांना बहुतेक जहाजांवरच्या तलावात उतरू देत नाहीत.

या सगळ्याला लोक उपाय सांगतात तो असा, की आतली केबिन अंधारी असते, बाळ छान झोपेल. झोपतं खरं. दिवे मालवले की तिथं भर दुपारी मध्यरात्र होते. पण दीड वर्षाचं मूल दुपारी दोन तास झोपतं तेव्हा त्याच्याजवळ कुणीतरी बसावं लागतं. त्या वेळी बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं, डेकवर गाणी चाललेली असतात, समोर समुद्र असतो. आणि आत, मिट्ट काळोखात, पुस्तक वाचता येत नाही, मोबाइल लावला तर बाळ उठतं, अशा अवस्थेत पलंगाच्या कडेला एक माणूस बसलेलं असतं. त्या माणसाचं वय किती आणि त्याचं कुटुंबाशी नातं काय, हे वाचकांनीच ओळखावं. ‘तुम्ही जा रे सगळे, मी आहे. मला तरी त्या गोंगाटात कुठं जमतंय?’ हेही त्या पहिल्या वाक्याचंच भावंड.

मुलांसाठी जहाजावर खेळघर असतं, हे खरं. पण ते बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपुढच्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी. काही मोठ्या परदेशी जहाजांवर सहा महिन्यांपासूनचं पाळणाघरही असतं, तासावर पैसे घेणारं. एरवी पाळणाघर म्हणजे आजी.

मी सात वर्षांचा असताना, १९६७च्या मे महिन्यात, भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकणात गेलो होतो. केबिनीचा प्रश्नच नव्हता. केबिनी होत्या त्या वरच्या वर्गाच्या. आम्ही खालच्या डेकवर. बोट लागली की धावत जाऊन सतरंजी टाकायची आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, पेटारा आणि एक माणूस ठेवून सरहद्द आखायची. मधे आजी. माझी धाकटी बहीण तेव्हा वर्षाची होती. ती त्या रात्री किती जणांच्या मांडीवरून फिरली याचा हिशेब नाही. त्यातल्या निम्म्या बायका आमच्या ओळखीच्याही नव्हत्या. लोक ही आठवण सांगून पुढे म्हणतात, बघा, कसा एकोपा होता. असेल. मला मात्र आठवतं ते आईचं जागं तोंड. ती रात्रभर बसून होती. एका हातात लिंबू, दुसरा हात बहिणीवर. पहाटे किनारा दिसू लागल्यावर वडील ताजेतवाने उठले आणि म्हणाले, ‘काय मस्त झोप लागली वाऱ्यात!’ त्या काळी कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, पडावात उतरावं लागे. आई बहिणीला घेऊन त्या हेलकावणाऱ्या पडावात कशी उतरली, हे मी अजून विसरलेलो नाही. बोटीवर कोण झोपतं आणि कोण जागतं, हे तेव्हाही ठरलेलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा निवडीला वाव नव्हता. आता पैसे मोजून आपण तेच वाटप पुन्हा विकत घेतो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दोन केबिनींचा हट्ट सोडावा आणि तीन घ्याव्यात. परवडत नसेल तर एक रात्र कमी करावी. आजी-आजोबांना त्यांची त्यांची केबिन, खिडकीची. बाळाच्या आईबापांना बाल्कनीची. आणि मुलगी, जावई, नातू यांना आतली. आठ वर्षांचा मुलगा दिवसभर तसाही केबिनीत सापडत नाही.

बाल्कनी आजी-आजोबांना न देता मुला-सुनेला द्या म्हटल्यावर काही भुवया उंचावतील. ज्येष्ठांना मानाची जागा द्यावी, असं आपल्याला वाटतं आणि देण्याच्या भावनेत खोट नसते. पण मी असे दोन-तीन गोतावळे जवळून पाहिले आहेत. चाळीत ज्याच्या घरी पहिला टीव्ही आला त्याचं पुढे काय झालं, ते आठवा. ज्याच्या केबिनीला बाल्कनी, त्याच्या केबिनीत बैठक. सकाळचा चहा तिथं, संध्याकाळचे फोटो तिथं, रात्री पत्ते तिथं. ओले पोहण्याचे कपडे त्यांच्याच खुर्च्यांवर वाळतात. नऊ वाजता डोळे मिटू लागलेली आजी पलंगाच्या एका कोपऱ्यात उशीला टेकून, साडेअकरापर्यंत, हसतमुखानं बसलेली असते. मानाची जागा म्हणून दिलेली केबिन तिला एक रात्रही स्वतःची म्हणून मिळत नाही. तेव्हा बैठक तरुणांच्या केबिनीत भरू द्यावी. आजी-आजोबांनी तिथं पाहुणे म्हणून जावं आणि कंटाळा आला की उठून आपल्या घरी यावं. पाहुण्याला उठता येतं, यजमानाला नाही.

दुसरं कारण त्या दुपारच्या दोन तासांचं. बाल्कनीचा खरा उपयोग दृश्य बघण्यासाठी नाही. दृश्य डेकवर फुकट आणि मोठं मिळतं. तिचा उपयोग हा, की बाळ आत पडदा ओढून झोपलेलं असताना राखणदाराला काचेच्या दारापलीकडे उजेडात बसता येतं. खाट जिथं, राखण तिथं. म्हणून जिथं खाट तिथंच बाल्कनी असावी आणि ती खाट आईबापांच्या केबिनीत असावी. बाळ बाल्कनीत जाईल, ही भीती रास्त आहे. कठडा उंच असतो आणि दार जड असतं, तरी दाराची कडी लावणं, खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर ठेवणं आणि मुलाला तिथं क्षणभरही एकटं न सोडणं, ही आईबापांची कामं आहेत. ती त्यांच्याच केबिनीत असलेली बरी. ‘एम्प्रेस’ १९९०मध्ये बांधलेलं जहाज. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या मोजक्या, नंतरच्या जहाजांना भिंतभर. तेव्हा बाल्कनी हवी असेल तर ती लवकर संपते, हे ध्यानात ठेवावं.

आता मधल्या दाराचा प्रश्न. दोन केबिनींना जोडणारं दार असलेल्या जोड-केबिनी मिळतात आणि एजंट त्या मोठ्या उत्साहानं सुचवतो : ‘आजी इकडे, बाळ तिकडे, मधे दार. कुटुंबासाठी बेस्ट!’ मी म्हणतो, नको. आजी-आजोबांची केबिन शेजारची असावी, समोरची असावी, चार दारं सोडून असावी, पण मधल्या दाराची नसावी. भाऊ-बहिणींच्या केबिनींमधे ते दार खुशाल असू द्या.

बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची आणि एक खातेदाराची. दोघांपैकी कुणालाही एकट्याला तो उघडता येत नाही आणि म्हणूनच दोघांचे संबंध चांगले राहतात. घरातल्या मधल्या दाराचं असं नसतं. नियमानं ते दोन्ही बाजूंनी बंद करता येत असलं, तरी आपल्या बाजूची कडी लावणं हा आपल्याकडे गुन्हा मानला जातो. ‘आईंनी दार लावून घेतलं’ या वाक्यात केवढा आरोप आहे! आणि हे एकाच बाजूचं नाही. सकाळी सहाला ‘उठलं का गं बाळ?’ म्हणत सासूबाई आत आल्या, तर रात्रभर अंगावर पाजून नुकती डोळा लागलेली सून काय करणार? ती गाऊन सावरत उठते आणि म्हणते, ‘या ना आई.’ तिच्याही तोंडचं वाक्य मी खरं धरत नाही. कॉरिडॉरमधलं दार बाहेरून उघडत नाही, ते वाजवावं लागतं. वाजवणं आणि उघडणं यांच्या मधे जो अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात माणूस स्वतःला आवरतो. मधल्या दारात तो अर्धा मिनिट मिळत नाही.

यावर मला सांगतात, अहो, आजीलाच बाळ जवळ हवं असतं. असतं, नाही कोण म्हणतं? पण आजच्या आजीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ती १९७०-८०च्या सुमारास नोकरीला लागलेली आहे. शाळेत, तार ऑफिसात, आमच्यासारख्या बँकेत. बँकांचं १९६९मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा वाढल्या आणि काउंटरपलीकडे बायका दिसू लागल्या. त्यांच्यातल्या कित्येक माझ्या सहकारी होत्या. सकाळची लोकल, रात्रीचा स्वयंपाक, मधे मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं. निवृत्तीच्या निरोपसमारंभात त्यांना शाल-श्रीफळ दिलं, ‘आता आराम करा’ म्हणालो आणि पुढच्याच महिन्यात त्यांतली एक सूनबाईंच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेला गेली, दुसरी रोज बसनं मुलीच्या घरी जाऊन नातू सांभाळू लागली. हे त्यांनी प्रेमानं केलं. प्रेमानं केलेल्या कामानं पाठ दुखत नाही, असं मात्र नाही. वर्षातले तीनशेसाठ दिवस बाळ तिच्याजवळ आहेच. उरलेल्या चार रात्री तरी ते तिच्याकडे न्यावं लागू नये, तिनं यावंसं वाटलं तर यावं.

पैशांचंही थोडं बोललं पाहिजे, आपल्याकडे ते बोलत नाहीत म्हणून. पुष्कळदा या सहलीचा खर्च आजी-आजोबांची मुदत संपलेली ठेव मोडून केलेला असतो. ‘आमच्यानंतर तुम्हालाच, तर आत्ताच सगळे मिळून जाऊ.’ तरीही आतली केबिन तेच घेतात. उलट जिथं मुलगा खर्च करतो तिथं ‘त्याचा खर्च वाढायला नको’ म्हणून आतली केबिन तेच घेतात. म्हणजे पैसे कुणाचेही असोत, निकाल एकच. बँकेत असा हिशेब कुणी समोर ठेवला असता तर मी त्याला दुसऱ्यांदा बेरीज करून आणायला सांगितलं असतं.

केबिन जहाजात कुठं आहे, हे तिच्या प्रकाराइतकंच महत्त्वाचं. जहाज लाटेवर पुढून-मागून उचललं जातं तेव्हा टोकाच्या केबिनींना झोका जास्त बसतो आणि बाजूंना कलतं तेव्हा वरच्या मजल्यांना. मधोमध आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी. पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्र सहसा शांत असतो. मेअखेरीस पावसाची चाहूल लागली की त्याचा स्वभाव बदलतो. आजोबांचा कान नाजूक असेल, चक्कर येत असेल, तर वरच्या मजल्याच्या हौसेला मुरड घालावी. तलावाच्या डेकच्या थेट खालची केबिन घेऊ नये. पहाटे तिथं खुर्च्या ओढतात. नाट्यगृहाच्या वरचीही नको. लिफ्टपासून फार दूर नको आणि अगदी तोंडाशीही नको. वर आणि खाली केबिनींचेच मजले असतील तर उत्तम. डेकचा नकाशा मागितला की मिळतो, तो टेबलावर पसरून पेन्सिलीनं खुणा कराव्यात आणि हे काम आजोबांना द्यावं. ते आनंदानं दोन दिवस करतील.

‘गॅरंटी केबिन’ नावाचा एक स्वस्त प्रकार असतो. हमी या शब्दाशी माझा जन्मभराचा संबंध, म्हणून सांगतो : हमीपत्रात हमी कशाची आहे ते वाचावं. इथं हमी एवढीच असते, की तुम्हाला त्या प्रकारची कुठली तरी केबिन मिळेल. नंबर नंतर कळतो. मग बाळ चौथ्या मजल्यावर आणि आजी नवव्या मजल्यावर जहाजाच्या दुसऱ्या टोकाला. दोन मित्र जात असतील तर जरूर घ्यावी. बाळ आणि वृद्ध बरोबर असतील तर वाचलेले पैसे लिफ्टच्या रांगेत उभं राहून फेडावे लागतात.

आणखी एक गोष्ट याच वेळी ठरवायची, ती कुणी ठरवत नाही. जहाजावर पहिल्याच दिवशी संकटकाळची कवायत होते. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. तेव्हापासून नियम कडक झाला आणि आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटता सुटताच करावी लागते. कुणी कुठं जमायचं हे तुमच्या केबिनीवरून ठरलेलं असतं. केबिनी दूरदूर असतील तर आजी एका ठिकाणी आणि बाळ दुसऱ्या ठिकाणी जमायचं, असं होऊ शकतं. तेव्हा अशा वेळी बाळाला कोण उचलणार, ते आधी बोलून ठेवावं. दुपारी सून डेकवर आणि बाळ आजीजवळ असेल तर आजीनं सुनेची वाट पाहायची की निघायचं? कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावं, ते नीट सांगतात. बाळाच्या मापाचं जीवरक्षक जॅकेटही पहिल्याच दिवशी मागून घ्यावं.

बँकेत असताना आमच्या शाखेत रजा-प्रवास सवलतीची बिलं काही वर्षं माझ्या टेबलावरून जात. तिकिटं जोडलेली असत, बर्थचे नंबर दिसत. त्यात पोटापुरता वेतन मिळवणारे आमचे कारकून, शिपाई आईवडलांना काशी-रामेश्वर दाखवून आणत आणि खालचा बर्थ आईचा, हे त्या तिकिटांवरून स्पष्ट कळे. रेल्वेत ते आपोआप पाळलं जाई. आता तर साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांना खालचा बर्थ देण्याची तिथं सोयच आहे. रेल्वेनं विचारायची गरज ठेवली नाही. जहाजावर असा कोटा नाही. तिथं घरातल्याच कुणीतरी विचारायला हवं आणि ‘तुला कुठली चालेल?’ असं नाही. ‘तू रात्री किती वेळा उठतेस?’, ‘दुपारी दोन तास तुला काय करावंसं वाटतं?’, ‘बाबांच्या घोरण्याचा त्रास होतो का, दोन वेगळे पलंग सांगू?’ असे प्रश्न विचारावेत. पुष्कळ केबिनींत जोडलेले पलंग वेगळे करून मिळतात. या प्रश्नांना ‘कुठंही चालेल’ हे उत्तर देता येत नाही.

दुपारच्या राखणीची पाळी कागदावर लिहून बाळाच्या केबिनीच्या आरशाला चिकटवावी : पहिला दिवस बाबा, दुसरा दिवस आई, तिसरा दिवस आत्या आणि तिचे यजमान. आजीचं नाव त्यात नसावं. ती आपणहून आली तर ज्याची पाळी असेल त्यानं उठून तिला बाल्कनीतली खुर्ची द्यावी आणि स्वतः तिथंच थांबावं. राहता राहिला आठ वर्षांचा नातू. शेवटच्या रात्री तो आजोबांकडे झोपायचा हट्ट धरणार. धरू द्या. चादर काखोटीला मारून त्यानं त्यांच्या दारावर टकटक करावी. आजोबांच्या केबिनीत वरचा बर्थ आहे की नाही आणि ती तीन माणसांची आहे का, एवढं मात्र पैसे भरण्यापूर्वीच विचारून ठेवावं.